मंगळावरची ग्रामसभा

अँडी वीरच्या ‘द मार्शियन’चा नायक मार्क वॉटनी मंगळावर एकटाच मागे राहतो. मैल्याचं खत करून बटाटे पिकवतो, रॉकेटच्या इंधनापासून पाणी तयार करतो. २०११ची कादंबरी आणि २०१५चा सिनेमा, दोन्ही मला आवडतात. वीर स्वतः प्रोग्रॅमर. मोठ्या अडचणीचे तुकडे करायचे आणि एकेक सोडवायचा, ही आमच्या धंद्याची सवय त्यात जागोजागी दिसते.

पण परग्रहावर राहणं म्हणजे फक्त असे तुकडे सोडवणं, हा समज या गोष्टीने पक्का केला. वॉटनीचा हिशेब जुळतो, कारण तो एकटा आहे. आज किती बटाटे खायचे यावर वाद घालायला कुणीच नाही. मी नगर जिल्ह्यातला. टँकर आल्यावर पहिला हंडा कुणाचा, यावरून काय होतं ते आमच्याकडे कुणालाही विचारा.

म्हणून वस्तीचा विचार करताना मला वॉटनीपेक्षा हिवरे बाजार जवळचं वाटतं. पर्जन्यछायेतलं, दुष्काळाने पिचलेलं गाव. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे श्रमदान झालं, बंधारे झाले, पण खरी गोष्ट पाण्याच्या ताळेबंदाची. पाऊस किती पडला ते मोजायचं, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. गणित आठवीतल्या पोराला जमेल. ते सगळ्यांनी पाळायला मात्र वर्षानुवर्षं लागली.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये १९९१ साली आठजण ‘बायोस्फिअर २’ नावाच्या बंदिस्त काचघरात दोन वर्षांसाठी राहायला गेले. आतला ऑक्सिजन सुमारे २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला आणि बाहेरून भरावा लागला. शिवाय त्या आठजणांत चार-चारचे दोन गट पडले.

इलॉन मस्क २०१७मध्ये म्हणाले होते की, २०२४ला माणसं मंगळाकडे निघतील. ते वर्ष गेलं. नासाच्या मॉक्सी या यंत्राने मंगळाच्या हवेपासून ऑक्सिजन बनवून दाखवला. १६ वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम. एका माणसाला तो चारेक तासही पुरणार नाही. तरी यंत्रं मोठी होतील, माणूस तिथे उतरेल, कदाचित माझ्या हयातीतच. वस्तीची तारीख मात्र मी कुणाला देणार नाही. हिवरे बाजारला हवा फुकट होती, सरकारी योजना होत्या, आणि नियम पटले नाहीत तर नगरची एसटी होती. मंगळावरून परतीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. अशा ठिकाणी ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह ग्रामसभेच्या हातात असेल की तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या?

या प्रश्नावरची कादंबरी मला वाचायची आहे. बारा माणसं, मोजकी हवा आणि ताळेबंदाची एक वादळी बैठक. मराठीत ती लिहायला सामग्री कमी नाही.