उत्पादन वाढलं, पण कोणत्या हिशेबाने?

राळ किंवा डिंकाचं उत्पादन वाढवण्यावरचे शोधनिबंध वाचायला घेतलेत, की एक वाक्य सारखं भेटतं: अमुक प्रक्रियेने प्रति झाड उत्पादन इतक्या पट वाढलं. सिनॉप्सिसमध्ये ते उचलण्याआधी जरा थांबा.

हिमालयातल्या चीड पाइनला पूर्वी खोल खाचा पाडत. खोड कमजोर होऊन झाडं वाऱ्यात मोडायची. रिल पद्धतीत साल तासून उथळ चर ओढतात आणि त्यावर सौम्य आम्ल फवारतात. माझ्या मते खरी सुधारणा ही की जखम उथळ झाली. ग्रॅम नंतर.

आपल्या शहापूर-मुरबाडला पाइनचं जंगल नाही. पण माहुली, माळशेजच्या कातळउतारांवर पानगळीत पांढराफटक दिसतो तो कांडोळ आहे. त्याचा डिंक म्हणजे कराया. ही राळ नव्हे, पाण्यात फुगणारी बहुशर्करा. चिरेला इथेफॉन दिलं की ऊतींत इथिलीन सुटतं आणि डिंक खूप जास्त येतो. हे रसायनशास्त्र पक्कं आहे. तक्रार मोजमापाबद्दल आहे.

डिंक झाडाच्या साखरेतूनच बनतो. कांडोळाची फळंही त्याच कोरड्या महिन्यांत धरतात. मग एकाच उन्हाळ्याचं वजन घेऊन काय कळणार? समजा, साध्या चिरेने झाड वर्षाला २०० ग्रॅम देतं आणि १० वर्षं टिकतं: २ किलो. इथेफॉनने ६०० ग्रॅम देतं, पण ३ वर्षांत वाळतं: १.८ किलो, आणि झाडही गेलं. आकडे कल्पित आहेत, पण पहिल्या वर्षी लिहिलेल्या निबंधात हे 'तिप्पट' म्हणूनच छापलं जाईल.

दुसरा गाळलेला रकाना माणसाचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करून विकणं हा हक्क ठरला. मग कातकरी किंवा ठाकूर माणसाचा उतारावर गेलेला दिवस तक्त्यात का नसतो? औषधाचा खर्च कोणाच्या खिशातून, हेही बघा.

आणि हो, तुलना कशाशी केलीय ते तपासा. चीर आणि इथेफॉन दिलेल्या झाडांसमोर नुसती न चिरलेली झाडं असतील तर निम्मं उत्तर चिरेचंच असू शकतं. चीर देऊन फक्त पाणी घातलेला गट हवाच, घेरही सारखा हवा. झाडांना क्रमांक द्या. पीएचडीला तशीही तीन-चार वर्षं जातात, तेवढ्यात त्याच झाडांकडे दर उन्हाळ्यात परत जाता येतं.