खासदाराचं काम मोजायचं कसं? मधू दंडवते, कोकण रेल्वे आणि निकषाचा प्रश्न

निवडणूक जवळ आली की खासदारांची प्रगतिपुस्तकं फिरायला लागतात. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत भाग इतक्या वेळा, खासगी विधेयकं इतकी. पीआरएस ही संस्था ही माहिती संसदेच्या नोंदींतून गोळा करून सगळ्यांसाठी खुली ठेवते आणि ते काम मोलाचंच आहे. पण आकडा हाताशी आहे म्हणून तोच निष्कर्ष, असं होत नाही. विज्ञानाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत पहिल्याच महिन्यात कानावर पडणारी गोष्ट आहे ही. उपकरण काय मोजतं आणि आपल्याला काय मोजायचंय, यात फरक असू शकतो.

एक साधं उदाहरण घ्या. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, हजेरीपटावर सहीही करत नाहीत. म्हणजे या पद्धतीने पाहिलं तर १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधू दंडवत्यांच्या नावापुढे रिकामी चौकट दिसेल. आणि ग्रामीण भाग व पायाभूत सुविधा या विषयांवर ज्यांचं संसदीय काम नीट तपासून पाहावं, अशा मराठी खासदारांत त्यांचं नाव फार वरचं आहे.

दंडवते मुळात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातले. १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्यांच्या राजापूर मतदारसंघातून त्याच वर्षी दंडवते लोकसभेत आले. नंतर १९७७, १९८०, १९८४, १९८९ अशा सलग निवडणुका जिंकून १९९१ मध्ये ते हरले. वीस वर्षं एकच मतदारसंघ, आणि त्या मतदारसंघाची एक जुनी मागणी: कोकणात रेल्वे. मागणी त्यांची एकट्याची नव्हती. नाथ पै होते, अ. ब. वालावलकरांसारखे या एकाच ध्यासाने झपाटलेले लोक होते. पण सभागृहात ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरली ती दंडवत्यांनी.

'लावून धरली' हे आपण सहज म्हणतो. पण म्हणजे नक्की काय केलं? मतदारसंघासाठी काही मागणारे खासदार शेकड्यांनी असतात. पूल द्या, थांबा द्या, फाटक द्या. माझ्या मते दंडवत्यांचं वेगळेपण असं की त्यांच्या मांडणीत फक्त मागणी नव्हती. ती मागणी ज्या निकषावर नाकारली जात होती, त्या निकषालाच तिने हात घातला.

हा निकष समजून घेऊ, कारण सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो. रेल्वे नवा मार्ग टाकण्याआधी वाहतुकीचं सर्वेक्षण करते. किती उतारू मिळतील, किती माल मिळेल, त्यातून उत्पन्न किती, आणि गुंतवलेल्या भांडवलावर वर्षाला किती टक्के परतावा सुटेल, असा हिशोब मांडते. ठरलेल्या टक्क्यांपेक्षा परतावा कमी आला की मार्ग 'किफायतशीर नाही' असा शेरा पडतो. पुढे कित्येक वर्षं हा आकडा १४ टक्के होता. म्हणजे समजा १०० कोटींचा मार्ग असेल, तर त्याने वर्षाला निव्वळ १४ कोटी मिळवून दाखवायला हवेत.

आता हे कोकणाला लावा. डोंगर, खाड्या, नद्या, लॅटेराइटचा ठिसूळ कातळ, त्यामुळे प्रत्येक किलोमीटरचा खर्च अफाट. आणि उत्पन्न? मोठे कारखाने नाहीत, म्हणून माल नाही. घरटी एक माणूस मुंबईला, घर चालतं मनीऑर्डरवर. बोटी पावसाळ्यात बंद, उरली एसटी. सर्वेक्षण करणारा जे दिसतं ते मोजणार, आणि दिसत होतं फारच थोडं. रेल्वे नाही म्हणून उद्योग नाही, उद्योग नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून रेल्वे नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत हा निवडीचा दोष झाला. ज्या गोष्टीच्या अभावाचा परिणाम तपासायचाय, त्या परिणामालाच तुम्ही अभाव चालू ठेवण्याचं कारण बनवता.

उलट बाजूचा पुरावाही त्याच पट्ट्यात सापडतो. दिवा-पनवेल-आपटा हा टप्पा १९६०च्या दशकात झाला. आपट्याहून रोह्यापर्यंत गाडी पोहोचायला १९८६ उजाडलं, आणि तीही पोहोचली मुख्यतः त्या भागातल्या कारखान्यांसाठी. जिथे माल दिसला तिथवर रूळ गेले. रोह्याच्या पुढे माणसं होती, पण ती हिशोबात नव्हती.

मंत्री झाल्यावर दंडवत्यांनी काय केलं, तेही याच नजरेने पाहता येतं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आणण्याचा निर्णय त्यांच्या काळातला. फक्त दुसऱ्या वर्गाचे डबे असलेली गीतांजली एक्सप्रेस १९७७ मध्ये मुंबई-हावडा धावू लागली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: रेल्वेचा प्रवासी म्हणजे कोण? तिकीट महाग काढणारा, की संख्येने जास्त असणारा?

इथवर कौतुक झालं. आता दुसरी बाजू.

पहिला आक्षेप असा की, निकष चुकीचा आहे हे सांगणं वेगळं आणि दुसरा निकष देणं वेगळं. 'आमचा भाग मागास आहे, परतावा विचारू नका' हे विदर्भ म्हणेल, बस्तर म्हणेल, ईशान्य भारत म्हणेल. सगळ्यांचंच खरं असेल. मग आधी कोण? परताव्याचा निकष निष्ठुर आहे, पण मंत्र्याच्या मर्जीला तो थोडा तरी लगाम घालतो. त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही, तर ज्याचा मंत्री त्याचा मार्ग. ही पोकळी दंडवत्यांच्या मांडणीत राहिली, असं मला वाटतं. स्वतःकडे रेल्वे खातं असतानाही सबंध कोकण रेल्वे उभी राहू शकली नाही, त्यामागे सरकारचं अल्पायुष्य हे कारण होतंच. पण ज्या चौकटीवर टीका केली, तीच चौकट खात्यात कायम होती हेही होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो कोकण रेल्वे झाली कशी यात दडलाय. १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग यांचं सरकार आलं. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडे थोडे पैसे मिळाले असते, तर आपटा-रोह्याची पुनरावृत्ती ठरलेली. म्हणून वाट वेगळी काढली: जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ, प्रमुखपदी ई. श्रीधरन. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. उरलेला मोठा पैसा रोखे काढून बाजारातून उभा केला. रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. ज्या देशात मार्ग दशकानुदशकं रखडतात, तिथे ही गती विलक्षणच म्हणायला हवी.

पण रोख्यांवर व्याज द्यावं लागतं. व्याज कोण भरणार? कोकण रेल्वेवर उतारूंच्या भाड्यासाठी अंतर ४० टक्के आणि मालासाठी ५० टक्के वाढवून धरायची पद्धत लागू झाली. म्हणजे प्रवास १०० किलोमीटरचा, भाडं १४० किलोमीटरचं. बघा काय झालं. परताव्याचा निकष लावू नका, असं सभागृहात पटवलं. निकष गेला मात्र नाही, तिजोरीच्या वहीतून उठून तिकिटावर जाऊन बसला. मागास भागाला सवलत हवी हा मुद्दा होता, आणि मागास भागातला प्रवासी देशातल्या इतरांपेक्षा किलोमीटरमागे जास्त मोजू लागला. एवढं करूनही कर्जाचा भार पेलला नाहीच, पुढे केंद्राला फेररचना करावी लागली.

शिवाय मार्ग व्यवहार्य ठरवायला आधार कशाचा होता? लांब पल्ल्याच्या वाहतुकीचा. मुंबई-मंगळुरू अंतर हजार किलोमीटरहून जास्त कमी झालं, मुंबई-कोची ५०० हून जास्त. हे फायदे खरे आहेत. पण त्यातून कोकण हा मुक्काम न राहता वाटेवरचा प्रदेश झाला. एकेरी मार्ग, त्यावर दक्षिणेच्या गाड्यांची रांग, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात थांब्यांसाठी सुरू झालेली अर्जविनंत्यांची नवी मालिका. गणपतीत जी गर्दी दिसते, ती वर्षभर तिथे असलेल्याच गरजेचं उघडं पडलेलं रूप आहे.

तिसरा मुद्दा रेल्वेबाहेरचा. अर्थमंत्री म्हणून दंडवत्यांनी १९९०च्या अर्थसंकल्पात शेतकरी आणि कारागिरांच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या थकीत कर्जाला माफी दिली. यावर नेहमीची टीका म्हणजे वसुलीची शिस्त बिघडली. ती टीका आहेच, पण मला दुसरीच गोष्ट खटकते. माफी कुणाला मिळते? ज्याचं नाव बँकेच्या खातेवहीत आहे त्याला. सावकाराकडून उचल घेणारा, सातबाऱ्यावर नाव नसलेला कूळ, शेतमजूर, हे त्या वहीत नाहीतच. 'वहीत दिसत नाही म्हणजे गरज नाही, असं नसतं' हे कोकण रेल्वेबाबत ज्या माणसाने इतकं ठामपणे सांगितलं, त्याच माणसाने कर्जमाफीच्या वेळी वहीवर भरवसा ठेवला.

मग पर्यायी निकष असू शकतो का? असू शकतो, आणि देशाने तो वापरलाही. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्त्याचा हक्क वाहतुकीवर ठरला नाही, वस्तीच्या लोकसंख्येवर ठरला: ५०० च्या वरची वस्ती, डोंगराळ आणि आदिवासी भागात २५०. गाड्या किती जातात हे विचारलंच नाही, माणसं किती राहतात ते विचारलं. या उंबरठ्याचा संशोधकांनाही फायदा झाला. उंबरठ्याच्या जरा वरची आणि जरा खालची गावं बाकी सगळ्या बाबतीत सारखीच असतात, फरक काय तो रस्त्याचा. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोवोसाद यांनी नेमकी अशी गावं ताडून पाहिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आपल्या भाबड्या आशेला धक्का देतो: रस्ता आल्यावर लोक शेती सोडून इतर कामांकडे वळले, पण शेतीत, उत्पन्नात, मालमत्तेत मोठा बदल दिसला नाही. याउलट डेव्ह डोनाल्डसन यांच्या ब्रिटिशकालीन भारतीय रेल्वेवरच्या अभ्यासात रेल्वे पोहोचलेल्या जिल्ह्यांचं वास्तव उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचं दिसतं.

दोन्ही एकत्र वाचलं की कळतं, मार्ग झाला म्हणजे विकास झाला असं नाही. मार्ग कुणाला कुठे नेतो, त्यावरून काय येतं आणि काय जातं, हा पुढचा प्रश्न उरतोच. कोकणाच्या बाबतीत तो कुणीतरी १९९८ नंतर संसदेत तितक्याच चिकाटीने विचारायला हवा होता. तोवर दंडवते लोकसभेत नव्हते, आणि त्यांची जागा त्या अर्थाने भरली गेली नाही.

हा प्रश्न आजचाही आहे. वैभववाडी-कोल्हापूर मार्ग २०१६-१७ मध्ये मंजूर झाला, अजून रूळ पडलेले नाहीत. कोकण आणि घाटमाथा जोडणाऱ्या या मार्गावर चर्चा होते ती 'कधी होणार' एवढीच. कशासाठी, कोणत्या निकषावर, भाडं कोणत्या हिशोबाने, गाडी थांबणार कुठे, हे विचारणारं भाषण शोधावं लागतं.

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेची जुनी भाषणं कुणालाही वाचता येतात. आपापल्या मतदारसंघाचा एखादा खासदार निवडा आणि दोन-चार भाषणं वाचून बघा. किती वेळा बोलले ते मोजू नका. त्यांनी फक्त काम मागितलं, की ते काम नाकारणारा निकषही तपासायला घेतला, एवढं पाहा. आणि तपासला असेल, तर सत्ता आल्यावर तो बदलला का, हेही पाहा. या दुसऱ्या कसोटीवर दंडवतेही पूर्ण उतरत नाहीत. पण पहिलीवर तरी उतरणारे आज किती सापडतात, हे शोधण्यासारखं आहे.