वस्तूचे चित्र आणि वस्तूचे नाव

संग्रहालयांनी समाजमाध्यमांचा आश्रय करावा की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. २०२० साली साथीमुळे दारे बंद झाली, तेव्हा फ्लॉरेन्सच्या उफ्फित्सीसारख्या मातबर संग्रहालयानेही टिकटॉकवर पाऊल ठेवले. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांस खुले झाले. २०१५ पासून त्याची फिरती बसगाडी वस्तू घेऊन स्वतःच प्रेक्षकांच्या दारी जाऊ लागली. समाजमाध्यम ही त्याच वाटेची पुढची मजल होय.

या मजलेचे मोल नावड्यासारख्या ठिकाणाहून नीट कळते. तळोज्याच्या कारखान्यांलगतच्या या गावाहून काळाघोड्यास जायचे, तर जाण्यायेण्यातच निम्मा दिवस मोडतो. चित्र मात्र क्षणात हातातील भ्रमणध्वनीवर येते. येते खरे, पण ते काय बोलते?

या मजकुरात इंग्रजीचे प्राबल्य असते, ही तक्रार रास्त असली तरी काहीशी सोपी आहे. मूळ दोष भाषांतराने जाणारा नाही. नोंदवहीतील शतक, धातू आणि उंची चित्राखाली उतरवली की काम झाले, अशी समजूत त्याच्या मुळाशी आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वज्री घ्यावी. ‘पाय घासण्याचे धातूचे साधन’ असे निर्दोष मराठीत लिहिले, तरी ती मुकीच राहते. ‘वज्री’ म्हणताच न्हाणीघर, ओला दगड आणि आजीची भेगाळलेली टाच उभी राहते. ज्यास शब्द ठाऊक नाही, तो निदान घरातील वडीलधाऱ्यांस विचारतो. दिवे आणि अडकित्ते जमविणारे केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, हा केवळ योगायोग मानू नये.

आणखी एक गोष्ट आहे. पनवेल परिसरातील आगरी बोलणाऱ्या घरात एखाद्या वस्तूस निराळेच नाव असू शकेल. काचेच्या कपाटातील चिठ्ठीस उत्तर देण्याची सोय नव्हती. समाजमाध्यमावर ती आहे. संग्रहालयाने ‘तुमच्याकडे यास काय म्हणतात?’ एवढेच विचारावे. मात्र आलेली उत्तरे चार दिवसांत तळाशी जातात. नाव, गाव आणि सांगणाऱ्याची बोली ही नोंदवहीत चढली नाहीत, तर तो सारा खटाटोप करमणुकीपुरता ठरेल. म्हणून बोलीचा जाणकार प्रसिद्धी-विभागात नव्हे, तर नोंदणी-विभागात नेमला पाहिजे.