‘हॅक्सॉ रिज’ : चित्रपटातील शौर्य आणि चरित्रातील सेवा

मेल गिब्सन दिग्दर्शित ‘हॅक्सॉ रिज’ (२०१६) हा चित्रपट दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन वैद्यकीय सैनिक डेस्मंड डॉस यांच्या जीवनावर आधारलेला आहे. धार्मिक श्रद्धेमुळे शस्त्र नाकारणाऱ्या सैनिकांपैकी ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे डॉस हे पहिले होत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते १२ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांना हे पदक प्रदान करण्यात आले. अँड्र्यू गारफिल्ड यांचा अभिनय आणि युद्धदृश्यांचे संकलन यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो चरित्रातून काय निवडले आणि काय गाळले याचा.

डॉस यांचा जन्म १९१९ मध्ये व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे झाला. ‘सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट’ पंथाचे ते निष्ठावान अनुयायी होते. १९४२ मध्ये ते सैन्यात दाखल झाले, पण बंदूक हाती घेण्यास त्यांनी नकार दिला. मात्र युद्धसेवेला त्यांचा विरोध नव्हता, आणि म्हणूनच विरोधक म्हणवून न घेता ते स्वतःस ‘सहकार्य करणारा’ म्हणवीत. चित्रपटाचा पूर्वार्ध मात्र नकारातच रमतो. प्रत्यक्षात ऑगस्ट १९४२ मध्येच पार पडलेला विवाह येथे लष्करी कोठडीमुळे लांबणीवर पडतो, आणि वडील पत्र घेऊन ऐन वेळी लष्करी न्यायालयात पोहोचतात. प्रसंग रंगतो खरा, पण तो पटकथेने रचलेला आहे.

याहून गंभीर उणीव पुढे आहे. छावणीतून कथानक थेट ओकिनावाच्या कड्याखाली येते. दरम्यान १९४४ मध्ये डॉस यांनी ग्वाम आणि लेटे येथे जखमींची शुश्रूषा केली होती आणि त्यांना ‘ब्राँझ स्टार’ही मिळाला होता. ज्यांनी त्यांची हेटाळणी केली, त्यांचा विश्वास या दोन मोहिमांत हळूहळू संपादन झाला. चित्रपटात तो जवळजवळ एका रात्रीत बसतो. त्यामुळे सवयीने, थकव्यातही, रोज केलेले काम दैवी चमत्कारासारखे भासू लागते.

पदकाचे मानपत्र या दृष्टीने अधिक बोलके आहे. त्यात २९ एप्रिल ते २१ मे १९४५ असा तीन आठवड्यांहून अधिक काळ नोंदला आहे. शत्रूच्या गुहेच्या तोंडापासून अवघ्या काही यार्डांवर जखमींना मलमपट्टी करणे, गोळीबारात एका अधिकाऱ्यास रक्तद्रव देणे, अशा कृत्यांची ही नोंद आहे. कड्यावरून दोरीने खाली उतरवलेल्यांची संख्या अधिकाऱ्यांच्या मते शंभर, तर डॉस यांच्या मते पन्नासहून अधिक नव्हती. तडजोड म्हणून ७५ हा आकडा स्वीकारला गेला. आपले श्रेय निम्म्यावर आणणारा हा माणूस पडद्यावर यायला हवा होता.

२१ मेच्या रात्री हातबाँबने त्यांचे पाय जखमी झाले. पाच तासांनी स्ट्रेचर आले, तेव्हा अधिक जखमी सैनिक दिसताच ते स्वतः खाली उतरले. पुढे गोळी लागून हात मोडला, तेव्हा त्यांनी बंदुकीचा दस्ता हाताला खपाची म्हणून बांधला आणि सुमारे तीनशे यार्ड सरपटत मदत केंद्र गाठले. शस्त्राचा असा उपयोग कोणत्याही पटकथाकाराला सुचला नसता. तरी तो चित्रपटात नाही. क्षयरोगामुळे एक फुप्फुस गमवावे लागले, तो युद्धोत्तर काळही (डॉस २००६ मध्ये निवर्तले) कथेबाहेरच राहतो.

चित्रपटाच्या अखेरीस वृद्ध डॉस स्वतः दिसतात. चेहऱ्यावरचे रक्त डोळ्यांत साकळल्याने आपण आंधळे झालो, असे समजलेल्या एका सैनिकाचे डोळे धुतल्यावर तो कसा हसला, हे ते सांगतात. या कथनात स्फोट नाहीत, संगीताचा गजर नाही. आधीच्या दोन तासांत ज्याची उणीव जाणवते, ते या काही क्षणांत सापडते.