परुष, कर्कश आणि कर्णकटु

नागपूरचा जुना रस्ता तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडून जबलपुरात शिरतो. तेथून काही कोसांवर तेवर हे खेडे आहे. कलचुरींची त्रिपुरी ती हीच. दहाव्या शतकात पहिल्या युवराजदेवाच्या आश्रयाने राजशेखर येथे राहिला. आपला पणजा अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी, असे अभिमानाने सांगणारा हा कवी आपल्याला परका नव्हे.

‘कर्पूरमंजरी’च्या प्रस्तावनेत त्याने संस्कृत रचनेला परुष आणि प्राकृत रचनेला सुकुमार म्हटले, व दोहोंतील अंतर स्त्रीपुरुषांतील अंतराएवढे ठरविले. येथे ‘परुष’ ही शिवी नाही. ‘परुस्’ म्हणजे वेताचे पेर. परुष म्हणजे पेरापेराचे, गाठाळ. ‘कर्कश’ हाही मूळचा स्पर्शाचाच शब्द, खरखरीत अशा अर्थाचा. ‘तर्ककर्कश’ हा तर पंडिताचा गौरव होता. मराठीत मात्र कर्कश म्हणजे कावळ्याचे ओरडणे किंवा गिरणीचा भोंगा, आणि ‘कर्कशा’ म्हणजे भांडकुदळ बायको! राजशेखराने पुरुषाकडे दिलेला कठोरपणा आपल्या भाषेने स्त्रीच्या माथी दोष म्हणून मारला.

आमचे परीक्षक याच वाटेने जातात. ओळीत टवर्ग आणि जोडाक्षरे दिसली, की ती कर्णकटु ठरवून ते मोकळे होतात. मम्मटाने पददोषांत ‘श्रुतिकटु’ पहिला मोजला, हे खरे; पण रौद्रादी रसांत तोच गुण होतो, हेही त्यानेच सांगितले आहे. तिलवाऱ्याला संथ दिसणारी नर्मदा पुढे धुवांधारला गर्जते. त्या गर्जनेला कोणी कर्कश म्हणत नाही.

मला वाटते, प्रश्न रसाच्याही अलीकडे, कानाच्या सवयीत आहे. ‘ळ’ हे अक्षर घ्या. ते मूर्धन्य, टवर्गाच्याच स्थानाचे. हिंदीच्या सवयीच्या कानाला ते खडबडीत लागते, आणि शास्त्राच्या मोजमापानेही ते कठोरांतच बसावे. पण आपली मायेची शब्दसंपत्ती पाहावी : लळा, जिव्हाळा, कळवळा, सांभाळ. ‘बाळ’ या हाकेचे ‘बाल’ करून पाहा. अक्षर मऊ होते, हाक कोरडी पडते. हिंदी शाळेत वाढणाऱ्या मुलाच्या तोंडून ‘ळ’ निसटू लागला, तर घरातल्यांनी तो केवळ उच्चाराचा प्रश्न समजू नये. ‘कोवळे’चे ‘कोवले’ झाल्यावर ते कोणाच्या कानाला अधिक गोड लागते, हे आमच्या परीक्षकांनीच सांगावे.