शमीवरचं गाठोडं

म्हैसूरच्या दसऱ्याची जंबूसवारी राजवाड्यातून निघते आणि बन्नीमंटपाला पोचून संपते. बन्नी म्हणजे शमी, अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी शस्त्रं लपवली ते झाड. दसऱ्यावरच्या मुलांच्या सचित्र पुस्तकांत ही गोष्ट हमखास येते आणि बहुधा एकाच जागी कातरली जाते. शस्त्रांच्या गाठोड्याकडे कोणी फिरकू नये म्हणून विराटपर्वातले पांडव झाडाला एक प्रेत बांधतात. ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, अशीच आमची कुळरीत, असं ते गुराख्यांना सांगतात. प्रत्यक्ष धर्मराज सोबत असताना सांगितलेलं हे खोटं गाळायचं आणि शेवटी सत्याचा विजय छापायचा, यात मुलाच्या वाट्याला यायचं खरं नैतिक कोडंच नाहीसं होतं.

तात्पर्याची ही ओढ जुनी आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' या नावाने इसाप मराठीत आला, १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी त्याला पुन्हा मराठीत आणलं. पुढे पुस्तकांत भरपूर चित्रं आली, तरी आपण बोध शोधतो तो शेवटच्या ओळीत. मुलावर खोल ठसा उमटतो तो मात्र चित्राचा. कारकळला जन्मलेल्या अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'अमर चित्र कथे'ने पिढ्यान्‌पिढ्या पुराणं घराघरांत नेली, हे ऋण मोठं आहे. पण तिच्यातले गोरे देव आणि काळेकभिन्न राक्षस यांवर अभ्यासकांनी घेतलेला आक्षेपही तितकाच खरा आहे. काळा तो दुष्ट, असं मजकुरात कुठेही लिहिलेलं नसतं. रंग ते सांगतो, आणि वाचता न येणाऱ्या मुलालाही ते कळतं. ज्या म्हैसूरचं नावच महिषासुरावरून पडलं, तिथे तो कोणत्या रंगात काढायचा हा म्हणूनच नीतीचा प्रश्न ठरतो.

लहान मुलांना स्पष्ट नियम हवेत, उघडं ठेवलं तर ती भलताच अर्थ घेतील, असं पालक म्हणतात. ही काळजी रास्त आहे. पण नियम सांगायला घरात मोठी माणसं असतात, दिवसातून दहादा सांगतात. दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहण्याची सवय पुस्तक लावू शकतं. माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि चित्रंही काढतात. त्यांच्या 'राधाचं घर'मध्ये घरातली माणसं एकेक करून भेटतात, उपदेशाला तिथे जागाच लागत नाही. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला; शाळांच्या खरेदीत मात्र अजूनही संस्कारकथांचे जाडजूड संच पुढे असतात. दुसऱ्याच्या जागी उभं राहणं शमीच्या गोष्टीतही पुढे आहेच: अज्ञातवासात भीम विराटाच्या स्वयंपाकघरात राबतो, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवतो. पराक्रमी माणूस असं कमीपणाचं मानलेलं काम वर्षभर निभावतो, हे किती चित्रकारांना पानभर रंगवावंसं वाटतं? पुस्तकं निवडणाऱ्या शिक्षकांनी एकदा मजकूर झाकून नुसती चित्रं मुलांपुढे ठेवावीत आणि त्यांना काय दिसलं ते विचारावं. खरेदीची यादी त्यानंतर करावी.