फादर दिब्रिटोंचे गद्य

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण कोणी त्यांच्यातला धर्मगुरू घेतला, कोणी हरित वसईच्या चळवळीचा पुढारी, तर कोणी २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचा अध्यक्ष. ह्या वाटणीत लेखक कोणाच्याच वाट्याला आला नाही.

फादरांचा जन्म १९४२ चा, नंदाखाळचा. त्या बाजूला घरात सामवेदी बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि त्या काळी चर्चमध्ये लॅटिन. आपले बोलणे दुसऱ्याला उलगडून सांगण्याची सवय अशा मुलाला आपोआपच लागते. त्यांच्या मोठ्या ग्रंथाचे नाव ‘सुबोध बायबल’ आहे ते उगीच नव्हे. फादर स्टीफन्सने १६१६ त ख्रिस्तपुराण ओवीत सांगितले. रेव्हरंड टिळकांनीही ख्रिस्तायनासाठी पद्यच घेतले. दिब्रिटोंनी मात्र साधे गद्य निवडले. ओवीचा गोडवा त्यात नाही, हे खरेच. पण शेजारच्या आळीतल्या हिंदू गृहिणीला शंका आली तर तिचे निरसन तिथल्या तिथे होते. ज्ञानोबा-तुकोबा त्यांच्या लिहिण्यात येतात तेही घरच्यासारखे, पाहुण्यासारखे नव्हेत.

दोष सांगायलाच हवा. फादर वाचकाला एकटा सोडत नाहीत. प्रसंग रंगात येतो न येतो तोच व्यासपीठावरचा आवाज कानी पडतो आणि तात्पर्य हातात ठेवले जाते. आम्ही शिक्षक मंडळी ह्याच रोगाने पछाडलेली, म्हणून मला तो चटकन ओळखू येतो!

पण चळवळीने त्यांच्यातला लेखक बिघडविला, हे काही जाणकारांचे म्हणणे मला पटत नाही. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हेच पाहा. पुण्यभूमीत जाऊन नुसते डोळे मिटणारे यात्रेकरू पुष्कळ असतात. हा गृहस्थ तिथेही जमिनीचे भांडण पाहतो, कारण घरी वसईत त्याने तेच पाहिलेले. वाड्या गेल्या, इमारती उठल्या, विहिरींचे पाणी टँकरने बाहेर चालले, त्याविरुद्ध तो रस्त्यावर उतरला होता. ज्याची बागायत जाते त्याचा देवही त्याच मातीत असतो, ही जाण ग्रंथांतून येत नाही.

परवा वर्गात हे सांगताना एका मुलाने विचारले, “सर, बावखल म्हणजे काय?” आमच्या लहानपणी प्रत्येक आळीला एकतरी बावखल असे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि विहिरी गोड राहत. ती बुजली तशी समुद्राकाठच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. हे मी त्याला समजावले खरे. मात्र मी स्वतः राहतो ती चाळही अशाच भरावावर आहे, हे सांगायला जीभ रेटली नाही. फादर असते तर त्यांनी ते आधी सांगितले असते.

१९८३ ते २००७ एवढा काळ ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. माझ्या मते त्यांचे गद्य खरे घडले ते तिथे, महिन्याच्या महिन्याला, छापखान्याच्या तगाद्याखाली. त्यांतल्या संपादकीयांची निवड कोणीतरी साक्षेपाने करायला हवी. तोवर एक विनंती: दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर ‘सुवार्ता’चे जुने अंक सापडले, तर ते रद्दीवाल्याला देऊ नका.